मी गाळलेला शब्द

ज्यांच्या हातात नुकताच तपासणीचा कागद पडला आहे आणि तो घरी कसा सांगावा हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. पेशी कोणत्या, आकडे कोणते, यात मी शिरणार नाही. ते डॉक्टर सांगतील आणि माझ्यापेक्षा बरं सांगतील. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथला हा कॅन्सर आहे, एवढं पुरे. आज मी हिंडती-फिरती आहे, शाळेत जाते आणि रोज सकाळी एक गोळी घेते. ती गोळी कधीच बंद होणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी ते घरी सांगितलं नाही. आजारपणापेक्षा त्या न सांगण्यानेच मला जास्त छळलं.

ओट्यावरचे कागद

मंगरूळपीरच्या एका हायस्कुलात मी एकवीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. गल्लीत इंग्रजी येणारी आता मी एकटी राहिलेली नाही, पोरंसोरं मोबाइलवर वाट्टेल ते वाचतात. पण दवाखान्याचा कागद असला की लोकांचा मोबाइलवर विश्वास नसतो. "मॅडमले दाखवा" हे ठरलेलं. अकोल्याहून, नागपूरहून आलेली माणसं स्वतःच्या घरी जाण्याआधी माझ्या ओट्यावर टेकतात. मेडिकलच्या पिशवीतून कागद निघतात, मी चष्मा लावते, आणि कोणीतरी पेशंटला म्हणतं, "तू जाय आत, मॅडमच्या घरी पानी पेऊन ये." पेशंट आत गेला की मी बाहेरच्यांना सांगते. ज्याचा आजार त्याला सोडून सगळ्यांना सांगायचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे आणि तो मी कधी मोडला नाही.

उलट त्यात मी माझी एक भर घातली होती. फारच वाईट लिहिलेलं असलं तर मी बाहेरच्यांनाही ते सांगत नसे. "औषध चालू ठेवा, होईल हळूहळू," म्हणायचं आणि घडी घालून कागद परत द्यायचा. समोरचा चेहरा लगेच मोकळा व्हायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माणसं माझ्या ओट्यावरून हलकी होऊन उठत आणि आपल्या इंग्रजीचा कोणाला तरी उपयोग झाला, असं मला वाटे.

तीन वर्षांपूर्वी खैरुनबी अशीच आली होती. दर्ग्याच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांनीच पिंजलेल्या कापसाच्या गाद्या आहेत. त्यांचा मुलगा सलीम माझ्याच हाताखालून दहावी झाला आणि सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला. कागद नवऱ्याच्या लिव्हरचा होता. शेवटून दुसऱ्या ओळीत एक शब्द होता. त्यावर माझी नजर थांबली, आणि मी पुढे गेले.

"होईल," मी म्हणाले. दोन महिन्यांत ते वारले.

नववीचा तास

तो शब्द मी दरवर्षी नववीला शिकवते. कागदावर तो विशेषण होऊन आला होता, मी शिकवते ते त्याचं क्रियाविशेषण: इन्क्युरेबली. फळ्यावर लिहायचा आणि खडूने त्याचे तुकडे पाडायचे. पुढे नकार, मधे बरं होणं, त्याला जोडलेली शक्यता, आणि शेवटी शेपटी. शब्दकोशात अर्थ दिला आहे 'असाध्यपणे', तो मुलांना इंग्रजीइतकाच परका. म्हणून मी सांगते, कितीही औषध केलं तरी जे जात नाही, तसं.

मग वापर. इंग्रजी बोलणारे हा शब्द आजाराला लावतात त्याहून जास्त स्वभावाला लावतात. कोणी इन्क्युरेबली आळशी असतो, कोणी इन्क्युरेबली चौकस. खोड जाणारी नसते आणि माणूस आपल्याला आवडत असतो, म्हणून हसत हसत बोलायचा हा शब्द आहे. माझं ठरलेलं उदाहरण: माझे मिस्टर इन्क्युरेबली आशावादी आहेत. माझे यजमान प्रभाकरराव इंझोरीची शेती पाहतात, रोज मोटरसायकलने जाऊन येतात. गेल्या साली काय झालं ते विसरून दरवर्षी पेरताना म्हणतात, "औंदा पाहाच तू सोयाबीन." वर्ग हसतो, कारण निम्म्या वर्गाच्या घरी तसाच बाप आहे.

एकवीस वर्षांत या शब्दाची मी पन्नास वाक्यं करून घेतली असतील. त्यात आजारी माणूस एकदाही आला नाही.

दोन खुर्च्या

पाठ दुखायची. दिवसभर उभं राहून दुखते, असं सगळे म्हणत आणि मीही म्हणायची. मलम झालं, शेक झाला, पट्टा झाला. एक दिवस शाळेत वह्यांची चळत उचलली आणि पाठीत कट्कन आवाज झाला. मी वह्या छातीशी धरून खालीच बसले. पुढच्या बाकावरच्या मुलींना वाटलं मी वह्या तपासायला बसले, त्याही गप्प राहिल्या. मग वाशिमला फोटो, तिथून अकोल्याला रवानगी, रक्त, कमरेच्या हाडात सुई, पुन्हा रक्त. आठ दिवसांनी निकाल घ्यायला बोलावलं.

डॉक्टर तरुण होते, दक्षिणेकडचे. हिंदी जेमतेम, मराठी 'बसा' आणि 'दुखतं का' एवढंच. फाइलवर 'शिक्षिका, इंग्रजी' वाचून त्यांना हायसं वाटलेलं मी पाहिलं. ते माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर हे बसले होते. मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात.

आमच्या भागात डॉक्टर पेशंटला बाहेर बसवतात आणि नातेवाइकाला आत घेतात. आमचं उलट झालं. नातेवाईक आत बसलेला असून बाहेर राहिला. डॉक्टर म्हणाले, हा आजार मुळातून जात नाही. पण याला औषध आहे आणि ते चांगलं काम करतं. सहा महिने दर आठवड्याला इंजेक्शन, नंतर रोज गोळी, आणि पुढे कधी आजाराने डोकं वर काढलं तर पुन्हा इंजेक्शनं. कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं कामावर जातात, असंही ते म्हणाले. त्यातलं पहिलं वाक्य तेवढं माझ्या आत गेलं. बाकीची माझ्या कानांवरून गेली.

मी प्रश्न विचारत होते. काळ बरोबर, शब्द बरोबर. इतकं नीट इंग्रजी मी वर्गातही बोलले नव्हते. हे आधी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत, मग माझ्या. एकदा मी मान हलवली तर त्यांनीही हलवली, समजल्यासारखी. त्या क्षणी मला रडू फुटणार होतं आणि मी ते दाबलं.

बाहेर आल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "काय म्हनाले?"

"सहा महिन्याचा कोर्स हाये. दर मंगळवारी इंजेक्शन."

"मंग बरी होशीन ना?"

"हो."

ह्यांना धक्का बसू नये म्हणून मी लपवलं, असं मी पुढे स्वतःला खूपदा सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मला तो शब्द माझ्या तोंडून, माझ्या भाषेत ऐकायचा नव्हता. इंग्रजीत होता तोवर तो जरा लांब होता.

बंद पाकीट

रजेसाठी एक छापील फॉर्म होता, कोणत्या काळातला कोण जाणे. डॉक्टरांनी भरून द्यायचा. त्यात इंग्रजीत एक प्रश्न होता: पेशंट इन्क्युरेबली आजारी आहे काय? पुढे दोन चौकोन. डॉक्टरांनी 'होय'च्या चौकोनात निळ्या पेनाने खूण केली होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, औषधोपचाराने काम करू शकतील.

मी ती खूण किती वेळ बघत बसले असेन. शिक्षिकेला खुणा नव्या नाहीत. हजारो केल्या असतील, बरोबरच्या आणि चुकीच्या. ही बरोबर होती.

मी एक झेरॉक्स काढून ठेवली, फॉर्म पाकिटात घातला, डिंक लावून दाबून बंद केला. "शाळेत देऊन या," म्हणाले. यांनी ते सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं, वरून हात फिरवून सारखं केलं आणि गाडीला किक मारली. खिडकीतून मी त्यांना कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं. येताना ते माझ्यासाठी पेरू घेऊन आले.

मंगळवार

मंगळवारी पहाटेची एसटी. अकोल्याला उतरून रिक्षा. नंबर लावा, वजन करा, रक्त द्या, रक्ताचा निकाल येईपर्यंत बसा. पोटाच्या कातडीत टोचायला दोन मिनिटं लागतात, त्यासाठी सगळा दिवस जातो. नव्याने जाणाऱ्यांना एवढंच सांगते: सोबत घरचं जेवण ठेवा, अंगात सैल कपडे घाला, आणि शेजारच्या पेशंटचे आकडे आपल्या आकड्यांशी लावून पाहू नका. मी पाहायची. इतरांचे उतरत आणि माझे जागेवर राहत, तेव्हा परतीच्या एसटीत मी कोणाशी बोलत नसे.

सुईपेक्षा सुईसोबतच्या गोळ्यांनी मला जास्त बिघडवलं. त्या घेतल्या की दोन दिवस झोप नाही, भूक राक्षसासारखी आणि डोकं भडकलेलं. एकदा यांनी खिचडी केली, मीठ विसरले. मी ताट असं ढकललं की ते भिंतीपर्यंत गेलं. यांनी ते उचललं, मीठ घातलं आणि पुन्हा समोर ठेवलं. "मारशीन तं मार, पन जेव," म्हणाले. मी जेवले. माफी मागायला मला दोन दिवस लागले, आणि तेव्हा ते म्हणाले, "कायची माफी? कोर्स संपला का तू पयल्यासारखी होतेस."

हेच मला सोसत नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते दर मंगळवारी लाल फुली मारत. शेवटच्या मंगळवारभोवती गोल काढला होता. माझ्यासाठी त्या फुल्या पुढे पुढे जाणाऱ्या होत्या, त्यांच्यासाठी त्या संपत येणाऱ्या. एकाच कॅलेंडरकडे आम्ही दोघं बघायचो आणि मी नजर वळवायची.

खैरुनबी रोज यायची. तिच्या घरचं दुकान बंद झालं होतं, पण हात विसरले नव्हते. पाठीला मऊ गादी चालणार नाही हे कळल्यावर तिने स्वतःच्या घरातली एक गादी उसवली, कापूस पुन्हा पिंजला आणि माझ्यासाठी ठासून भरून आणली. "मऊ गादीत पाठ वाकते मॅडम. तुमाले टनक पायजे." मी सहा महिने त्या गादीवर झोपले आणि माझी पाठ तिने सांभाळली. त्याच गादीखाली माझ्या फॉर्मची झेरॉक्स होती.

शेवटची फुली

शेवटच्या मंगळवारी डॉक्टर खूश होते. आजार दबला होता. आता रोज एक गोळी, दर महिन्याला रक्त, आणि शाळेत जायला हरकत नाही. पुढच्या सोमवारी मी वर्गात उभी राहिले. दहा मिनिटांत पहिल्यांदा ओरडले आणि मुलं एकमेकांकडे बघून हसली, मॅडम आल्या म्हणून.

घरी यांनी गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "कोर्स तं संपला ना? मंग ह्या कायले?"

"ताकदीच्या हायेत."

हे माझं दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटली.

मग यांनी सांगितलं की ज्या दिवशी पाठीत आवाज झाला त्याच आठवड्यात ते दर्ग्यावर जाऊन नवस बोलले होते. मंगरूळच्या माणसाला यात नवल नाही, आमच्याकडे हिंदू घरांतूनही गुरुवारी तिथे मलिदा जातो. नवस फेडायला गोड भाताची देग, दर्ग्यावर नियाज, म्हणजे नैवेद्य, आणि गल्लीला जेवण. येत्या गुरुवारी. भात करणार खैरुनबी, कारण एवढ्या मोठ्या देगीचा अंदाज गल्लीत तिलाच आहे.

देवाधर्माचं मला फार वेड नाही, पण दुसऱ्याच्या खऱ्या मनाने बोललेल्या नवसाला मी खोटी साक्ष देणार होते. बरी झाली म्हणून गल्ली जेवणार, आणि बरी झालेली मी मधे बसून वाढून घेणार. पुढे कधी आजार उलटला तर ह्यांना काय वाटेल? नवसात कुठे चुकलं, हे शोधत बसतील ते. तसेच आहेत.

तांदूळ निवडताना

बुधवारी दुपारी शाळेतून आले तर खैरुनबी ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मीही दुसरं सूप घेतलं. बराच वेळ ती आपली इकडचं तिकडचं बोलत होती. मग म्हणाली, "तुमचं झालं मॅडम, लय चांगलं झालं. आमचं नाई झालं. नसीब."

मी सूप पाखडलं.

"त्या टायमाले तुमी होईल म्हनलं, म्हून मी सलीमले बलावलं नाई. म्हनलं, कायले येते सुरतेहून, काम सुटन त्याचं. अब्बा उठून बसले का ईदलेच येईन." तिने एक खडा चिमटीत धरून बाजूला टाकला. "तो आला तवा माती होऊन गेली होती."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. काल काय भाजी केली होती ते सांगावं तसं तिने सांगितलं. तिला ठाऊकच नव्हतं की मला तेव्हा ठाऊक होतं. मी सुपात बघत राहिले. खडे आणि तांदूळ मला वेगळे दिसेनात.

ती गेल्यावर मी आत गेले. हे फोनवर कोणाला तरी जेवणाचं सांगत होते. "फोन ठेवा," मी म्हणाले. गादीखालचा कागद काढला, चष्मा लावला आणि ओट्यावर वाचते तसा वाचला. फरक एवढाच की या वेळी पेशंटला पाणी प्यायला आत पाठवायचं नव्हतं. आधी इंग्रजीत वाचला, मग आपल्या भाषेत, डॉक्टर तोंडी बोलले होते ते जोडून.

"बिमारी जानार नाई. दबून राहीन. गोळी जनमभर. कधी उठली तं पुन्हा सुया."

मी पुढची बारीक अक्षरातली ओळही वाचली. "औषधानं काम करू शकीन, हे बी लिहेल हाये." ती वाचताना मला कळलं की वाईट शब्द लपवताना मी हा चांगलाही लपवून बसले होते. दोन्ही एकाच ओळीत होते, एक गाळून दुसरा सांगता येत नव्हता.

"तुले कवापासून माईत हाये?"

"पयल्या दिवसापासून. डाक्टरनं सांगतलं तवा."

"मी तं बाजूलेच बसेल होतो," ते म्हणाले.

सहा महिन्यांत मला कशानेही इतकं लागलं नव्हतं. काहीतरी समजवायला मी तोंड उघडलं, पण ते उठले होते. चप्पल घातली, गाडी काढली. कॅलेंडरकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि गेले. मला वाटलं इंझोरीला गेले असतील, वावरात. राग आला की ते तिकडेच जातात. मी तांदळाच्या परातीजवळ बसून राहिले. तांदूळ भिजत घालायचे की पोत्यात परत भरायचे, हे मला कळत नव्हतं. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हाही नाही.

दिवेलागणीला गाडीचा आवाज आला. मी दारात गेले. गाडीच्या मागच्या सीटवर दोरीने आवळून बांधलेली, उलटी घातलेली मोठी देग होती. मंडपवाल्याकडून आणलेली.

मी दोरी सोडायला हात लावला. "राहू दे, पाठ," ते म्हणाले. देग त्यांनी एकट्याने उतरवली. मग पायरीवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"मी काय मांगतलं होतं, मालूम हाये तुले? म्या म्हनलं, पुन्हा शाळेत जाऊ दे हिले, पोरायवर ओरडू दे. एवढंच. बरी कर, असं म्या म्हनलंच नाई. तुहं अंग पाहून समजत नवतं का मले, का हे काई साधं नाई? म्हून जेवढं होईन तेवढंच मांगतलं." मग म्हणाले, "सोमवारी ओरडली ना तू?"

"ओरडली."

"मंग नवस खरा हाये."

एकवीस वर्षं वर्गात ज्यांची गंमत करत आले, ते माझे इन्क्युरेबली आशावादी मिस्टर मागताना इतके जपून मागत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सहा महिन्यांचं सगळं रडून घेतलं. त्यांनी रडू दिलं. डोळे पुसत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "लोकायचे कागद बी असेच वाचत होती काय?"

मी पदराने चष्मा पुसायला घेतला.

"खैरुनबीचा बी?"

"हो."

"मंग सांग तिले," ते म्हणाले आणि तांदूळ भिजत घालायला आत गेले.

देग

गुरुवारी सकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत तीन दगडांवर देग चढली. हे लोकांना बोलवायला गेले होते. खैरुनबी लांब दांड्याचा सराटा घेऊन भात सारखा करत होती आणि मी खुर्ची टाकून बसले होते. गुळाचा वास सुटला होता. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"खैरुनबी, तुमच्या घरच्यांचा कागद मी नीट वाचला नव्हता."

"काहून? नीट तं वाचला."

"वाचला नीट. सांगितला नीट नाही. ते बरे होणार नाहीत, असं त्यात लिहिलेलं होतं. मला ते तेव्हाच समजलं होतं, आणि मी होईल म्हटलं."

तिचा हात थांबला नाही. सराटा कडेने फिरला, मधे आला, पुन्हा कडेने गेला.

"तवाच समजलं होतं?"

"हो."

"सलीमले बलावता आलं असतं मंग."

"हो."

ती रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने खालचं एक लाकूड बाहेर ओढलं, जाळ कमी केला आणि देगीवर झाकण ठेवलं. ओढणीच्या टोकाला हात पुसले.

"तीन ईद झाल्या, आला नाई तो," ती म्हणाली. "फोनवर एकच म्हनते, अम्मी, तूने बुलाया क्यूँ नहीं. म्या सांगतलं, बेटा, मले नवतं मालूम. तो मानत नाई. म्हनते, मॅडमनं कागद वाचला तं तुले मालूम कसं नाई? मॅडम खोटं सांगत नाईत, म्हनते. मी जानूनबुजून लपवलं, असंच वाटते त्याले."

तीन वर्षं तिचा मुलगा तिला खोटी समजत होता, कारण मला तो खरी समजत होता. आणि तीन वर्षं ती माझ्या घरी येत होती, माझ्यासाठी गादी भरत होती.

तिने कमरेचा फोन काढला, बटण दाबलं आणि माझ्यापुढे धरला. पलीकडे रिंग वाजत होती.

"तुमी सांगा त्याले," ती म्हणाली. "तुमचं मानीन तो."

मी फोन घेतला. माझा हात औषधाने बधिर असतो, तरी फोन गरम असल्याचं मला कळलं. दोनदा रिंग गेली, मग मागे यंत्रांचा गोंगाट आणि त्यातून थकलेला आवाज, "हां अम्मी, बोल."

"सलीम," मी म्हणाले, "मी मॅडम बोलते. तुझ्या अब्बांचा कागद मी वाचला होता."